सफोकचा किनारा आणि डनिचचें बुडालेलें नगर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लंडनच्या ईशान्येस, सफोक नांवाचा एक परगणा आहे. उत्तरेस नॉर्फोक, दक्षिणेस स्टूर नदीपलीकडे एसेक्स, पश्चिमेस केंब्रिजशायर आणि पूर्वेस अफाट उत्तर समुद्र, अशा त्याच्या चतुःसीमा आहेत. या दीड हजार चौरस मैलांच्या आंतबाहेर असलेल्या मुलखांत डोंगर म्हणून नाहीं. सर्वांत उंच टेकडीहि सवाचारशें फुटांच्या वर जात नाहीं. येथें कोळशाच्या खाणी नाहींत, लोखंड नाहीं, मँचेस्टरसारख्या गिरण्यांचीं धुराडीं नाहींत. गव्हाबार्लीचीं शेतें, मेंढ्यांचीं कुरणें, ओसाड माळ, दलदलीच्या खाड्या आणि मधून मधून चर्चचा एखादा उंच मनोरा, एवढेंच दृश्य प्रवाशाला दिसतें. इंग्लंडच्या इतिहासाचीं क्रमिक पुस्तकें पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला सफोकचें नांव क्वचितच भेटतें. असें असूनहि, नगरें कशीं वाढतात आणि कशीं मरतात हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल, त्यानें या परगण्याकडे एकवार अवश्य पाहावें.

या किनाऱ्यावर डनिच नांवाचें एक खेडें आहे. तेथें एक आख्यायिका सांगतात. समुद्र खवळलेल्या रात्रीं, लाटांच्या गर्जनेंत, पाण्याखालीं बुडालेल्या चर्चांच्या घंटा वाजतांना ऐकूं येतात, असें म्हणतात. कथा मनोहर आहे. परंतु इतिहास तिला साक्ष देत नाहीं. डनिचचीं मोठीं चर्चें समुद्रांत पडण्यापूर्वींच ओस पडूं लागलीं होतीं. दरड जवळ आली कीं छपरावरील शिसें, दगड, लांकूड, घंटा, जें जें कामास येण्यासारखें असे तें लोक काढून नेत. लाट येऊन पोंचली तेव्हां तिला बहुधा रिकाम्या भिंतीच मिळाल्या. नगर आधीं निर्धन झालें आणि मग बुडालें. हा क्रम नीट ध्यानांत धरला, म्हणजे एकट्या डनिचचाच नव्हे, तर सगळ्या सफोकचा इतिहास उलगडूं लागतो.

त्यासाठीं प्रथम तेथील भूमि कशी आहे हें पाहिलें पाहिजे. सफोकचा किनारा सुमारें पन्नास मैल लांब आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला कठीण खडकाचा आधार आहे. तसा सफोकला नाहीं. येथील दरडी वाळू, गोटे, चिकणमाती आणि शंखशिंपल्यांचा चुरा यांच्या ठिसूळ थरांच्या बनलेल्या आहेत. शिंपल्यांच्या या थराला तेथील लोक 'क्रॅग' म्हणतात. हिवाळ्यांत ईशान्येकडून वादळी वारा सुटला आणि त्याच वेळीं उधाणाची भरती आली, म्हणजे लाटा थेट दरडीच्या पायथ्याशीं पोंचतात. पायथा पोखरला जातो आणि वरचा भाग आपल्याच भारानें कोसळतो. एका रात्रींत पांच-दहा हात जमीन नाहींशी व्हावी, हें तेथें नवल नाहीं.

पण समुद्र ही सगळी माती गिळून बसत नाहीं. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येऊन आपटतात. त्यामुळें वाळू आणि गोटे एकंदरींत उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत जातात. एका गांवची गेलेली जमीन दुसऱ्या गांवच्या बंदराच्या तोंडाशीं जाऊन बसते. ब्लाइद, ऑल्ड, डीबन, ऑर्वेल आणि स्टूर या नद्या सफोकच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळतात. यांपैकीं ज्यांच्या प्रवाहाला जोर कमी, त्यांच्या मुखाशीं गोट्यांचा आपोआप बांध पडतो आणि नदीला दुसरी वाट शोधावी लागते. म्हणजे या किनाऱ्यावरील गांवांना दोन प्रकारचें भय असे : एक जमीन जाण्याचें आणि दुसरें बंदर बुजण्याचें. पहिलें भय डोळ्यांना दिसे. परंतु दुसरेंच अधिक घातक ठरलें.

सफोकचा इतिहास या खाड्यांच्या कांठींच सुरू झाला. 'सफोक' या नांवाचा अर्थ 'दक्षिणेकडील लोक' असा आहे. रोमन सत्ता गेल्यानंतर समुद्रापलीकडून आलेल्या अँगल लोकांनीं येथें वसाहती केल्या. त्यांच्यापैकीं उत्तरेकडचे ते नॉर्फोक आणि दक्षिणेकडचे ते सफोक. त्यांच्या राजांचें वैभव केवढें होतें याचा पुरावा १९३९ सालीं मिळाला. डीबन नदीच्या कांठीं सटन हू येथें श्रीमती एडिथ प्रेटी यांच्या जमिनींत कांहीं जुनीं टेकाडें होतीं. बॅसिल ब्राउन या अनुभवी पण विद्यापीठाची पदवी नसलेल्या खणकरानें त्यांतील एक टेकाड उकरलें, तेव्हां आंत सुमारें नव्वद फूट लांबीचें गलबत सांपडलें. सांपडलें म्हणजे काय, तर लांकडाचा मागमूसहि उरलेला नव्हता. आम्लयुक्त वाळूनें तें पार खाऊन टाकलें होतें. परंतु लोखंडी खिळ्यांच्या रांगा जागच्या जागीं होत्या आणि वाळूंत फळ्यांचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. त्यासोबत शिरस्त्राण, सोन्याचे अलंकार, पूर्व रोमन साम्राज्यांतील चांदीचीं भांडीं आणि फ्रँक लोकांचीं नाणीं निघालीं. हें सातव्या शतकाच्या आरंभीं वारलेल्या रेडवल्ड राजाचें स्मारक असावें, असा बहुतेक विद्वानांचा तर्क आहे. श्रीमती प्रेटी यांनीं तो सगळा ठेवा ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. सफोकची संपत्ति जमिनीइतकीच समुद्रमार्गावर अवलंबून होती, हें या एका थडग्यावरून कळतें.

या समुद्रमार्गाचा पुढें सर्वांत अधिक लाभ डनिचनें घेतला. सातव्या शतकांत फीलिक्स नांवाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकानें पूर्व इंग्लंडांत आपलें पीठ स्थापिलें. तें ठिकाण म्हणजेच डनिच, अशी परंपरा आहे, जरी कित्येक संशोधक तें अधिक दक्षिणेस फीलिक्स्टोच्या बाजूला दाखवितात. निश्चित इतिहास मिळतो तो १०८६ च्या डूम्सडे नोंदींत. विल्यम राजानें सगळ्या देशाची जमाबंदी करविली, तीच ही नोंद. पूर्वीं जेथें एक चर्च होतें तेथें आतां तीन आहेत, आणि राजाला रोख पैशांबरोबर हेरिंग मासेहि हजारोंच्या संख्येनें मिळतात, असें डनिचविषयीं तींत लिहिलें आहे. गांवाची भरभराट यावरून दिसते. परंतु त्याच नोंदींत दुसरीहि एक बाब आहे. डनिचकडे पूर्वीं दोन नांगरांची जमीन होती; तींतील एक समुद्रानें नेली, असें कारकुनानें हिशेबाच्या ओघांत लिहून ठेवलें आहे. तेव्हां समुद्राचें आक्रमण लोकांना अज्ञात होतें असें नाहीं. निम्मी जमीन गेली, तरी चर्चें एकाचीं तीन झालीं. कारण डनिचचें पोट शेतीवर नव्हतें, तें बंदरावर होतें.

ब्लाइद नदी त्या काळीं समुद्राजवळ येऊन दक्षिणेकडे वळे. तिच्या आणि समुद्राच्या मध्यें गोट्यांची एक लांब पट्टी होती, आणि त्या पट्टीच्या आडोशाला डनिचचें बंदर होतें. लोकर, धान्य, मीठ, मासे आणि फ्रान्सकडील दारू यांचा व्यापार तेथें चाले. ११९९ सालीं जॉन राजानें डनिचला सनद देऊन नगराचे हक्क दिले. तेराव्या शतकांत डनिच इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रमुख बंदरांत गणलें जाई. अनेक चर्चें, मठ, महारोग्यांसाठीं रुग्णालय, बाजारपेठ, जहाजें बांधण्याच्या जागा, असा त्याचा पसारा होता.

१२८६ च्या जानेवारींत पहिला मोठा आघात झाला. नववर्षाच्या रात्रीं उठलेल्या वादळानें नगराचा सखल भाग उद्ध्वस्त केला, आणि पुढील दोन वर्षांत वादळांमागून वादळें आलीं. फ्रान्सिस्कन भिक्षूंनीं आपला मठ सोडून १२९० मध्यें अधिक आंत नवी जागा घेतली. त्या दुसऱ्या मठाच्या भिंती आजहि दरडीच्या अलीकडे उभ्या आहेत. परंतु या आघातांनीं डनिच संपलें नाहीं. बंदराच्या तोंडाशीं साचलेले गोटे काढून लोकांनीं वाट पुन्हां मोकळी केली. व्यापारी राहिले, गलबतें राहिलीं.

खरा घाव बसला तो १३२८ सालीं. त्या वर्षाच्या जानेवारींतील वादळानें गोट्यांची पट्टी पुढें ढकलून बंदराचें मुख कायमचें बुजविलें. ब्लाइद नदीनें उत्तरेकडे, वॉल्बर्सविक गांवाच्या बाजूस, समुद्रांत उतरण्याची नवी वाट काढली. नदीबरोबर गलबतें गेलीं, आणि गलबतांबरोबर जकात गेली. सनदेप्रमाणें जकातीचा हक्क आमचा, असा डनिचकरांचा आग्रह. नदी आतां आमच्या दारांतून जाते, मग तुम्हांला कशाचे पैसे द्यावयाचे, असा वॉल्बर्सविक आणि ब्लाइदबरोच्या लोकांचा सवाल. हा तंटा पिढ्यान् पिढ्या चालला. त्यांत दरबारीं अर्ज झाले, मारामाऱ्याहि झाल्या. ज्या पैशानें बंधारे बांधावयाचे आणि बंदर उपसावयाचें, तो पैसा येण्याचा मार्गच बंद झाला होता. १३४७ च्या वादळांत शेंकडों घरें गेलीं, तेव्हां तीं पुन्हां उभारण्याची ऐपत आणि उमेद दोन्ही राहिलीं नव्हतीं. पुढें १५९० सालीं नवा चर खणून ब्लाइदचें मुख साउथवोल्ड आणि वॉल्बर्सविक यांच्या मध्यें स्थिर करण्यांत आलें; तें आजहि तेथेंच आहे. सतराव्या शतकांत समुद्र डनिचच्या बाजारपेठेपर्यंत येऊन पोंचला.

डनिचपासून पंधरा-सोळा मैलांवर, त्याच किनाऱ्याच्या दक्षिण भागांत, ऑर्फर्ड आहे. ऑर्फर्डचें एकहि घर समुद्रानें नेलें नाहीं असें म्हटलें तरी चालेल. तरी त्याचीहि गति डनिचसारखीच झाली. दुसऱ्या हेन्री राजाला पूर्व भागांतील बलाढ्य सरदार ह्यू बिगॉड याला धाकांत ठेवावयाचें होतें. म्हणून त्यानें ११६५ ते ११७३ च्या दरम्यान तेथें किल्ला बांधला. त्याला १४१३ पौंड खर्च आला, असें सरकारी हिशेबांत नमूद आहे. त्या किल्ल्याचा अनेक कोनांचा बुरूज आजहि जवळजवळ अभंग आहे. किल्ल्याबरोबर बंदर वाढलें. समोर गोट्यांची एक जीभ होती. तिनें लाटा अडविल्यामुळें बंदर सुरक्षित झालें. परंतु ती जीभ वर्षानुवर्षें दक्षिणेकडे वाढतच राहिली. आज तिची लांबी सुमारें दहा मैल आहे. ऑल्ड नदी ऑल्डबरो गांवाजवळ समुद्रापासून अवघ्या कांहीं हातांवर येते, पण मध्यें गोट्यांचा बांध असल्यानें तिला तेथून मैलोगणती दक्षिणेकडे जाऊन मग समुद्र गांठावा लागतो. मोठ्या गलबतांना तो लांबचा, उथळ आणि वांकडा मार्ग परवडेना. ज्या जिभेनें ऑर्फर्डला आसरा दिला, तिनेंच शेवटीं त्याचें दार लावून घेतलें. किल्ला राहिला, चर्च राहिलें, नगर मात्र खेडें झालें.

नगराच्या मरणाला समुद्रच लागतो असें मुळींच नाहीं. किनाऱ्यापासून तीस-पस्तीस मैल आंत लॅव्हनम नांवाचें गांव आहे. त्याचा इतिहास याला पुरावा आहे. पंधराव्या शतकांत सफोकच्या दक्षिण भागांत लोकरीचें जाड कापड विणण्याचा मोठा धंदा होता. लॅव्हनमचें निळ्या रंगाचें कापड परदेशांत नांवाजलेलें होतें. १५२४ च्या करआकारणींत हें लहानसें गांव साऱ्या इंग्लंडांतील नगरांमध्यें चौदाव्या क्रमांकाचें श्रीमंत ठरलें. स्प्रिंग घराणें हें तेथील कापडवाल्यांत अग्रगण्य होतें. गांवच्या चर्चला १४१ फूट उंचीचा मनोरा आहे. तो उभारण्यांत ऑक्सफर्डच्या अर्लबरोबर या व्यापाऱ्यांच्या थैल्याहि मोकळ्या झाल्या होत्या.

लगेच पुढच्याच वर्षीं, १५२५ मध्यें, आठव्या हेन्रीला फ्रान्सवरील स्वारीसाठीं पैसा हवा होता. त्याचा मुख्य प्रधान कार्डिनल वुल्सी यानें पार्लमेंटची संमति न घेतां गृहस्थांकडून मालमत्तेचा सहावा हिस्सा आणि धर्माधिकाऱ्यांकडून तिसरा हिस्सा मागितला. हा वुल्सी स्वतः सफोकच्याच इप्सविच शहरांत जन्मलेला होता. कर भरला तर मजुरी देण्यास पैसा उरणार नाहीं, असें कापडवाल्यांनीं विणकरांना सांगितलें. आणि लॅव्हनमच्या आसपास हजारों विणकर, पिंजारी, मजूर जमा झाले. तुमचा सेनापति कोण, असें त्यांना विचारलें असतां आमच्या सेनापतीचें नांव दारिद्र्य, असें उत्तर मिळाल्याचें त्या काळच्या बखरकारानें लिहिलें आहे. नॉर्फोक आणि सफोकच्या ड्यूकांनीं त्यांना समजावून परत पाठविलें. पण राजालाहि तो कर सोडून द्यावा लागला. इंग्लंडच्या राजाला माघार घ्यावयास लावणाऱ्या प्रजेंत सफोकचे विणकर होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. वुल्सीची सत्ता चार वर्षांनीं गेली; त्यानें इप्सविचमध्यें काढलेलें विद्यालयहि त्याच्याबरोबर बंद पडलें, आणि आतां त्याचा विटांचा एक दरवाजा तेवढा उरला आहे.

लॅव्हनमचें वैभवहि फार टिकलें नाहीं. नेदरलँडमधून आलेल्या निर्वासित विणकरांनीं शेजारच्या एसेक्समध्यें कोल्चेस्टर येथें हलक्या आणि स्वस्त कापडाचा धंदा सुरू केला. गिऱ्हाइकांना तें कापड आवडलें. जाड निळ्या कापडाची मागणी घटत गेली. लॅव्हनमच्या लोकांजवळ जुनीं घरें पाडून विटांचीं नवीं घरें बांधण्यास पैसा उरला नाहीं. म्हणून लांकडी चौकटींचीं, पुढें झुकलेलीं, पंधराव्या-सोळाव्या शतकांतील तीं घरें तशींच राहिलीं. १५३० च्या सुमारास बांधलेलें संघाचें सभागृह पुढें तुरुंग झालें, मग गरिबांसाठीं कामगृह झालें. पण पाडलें गेलें नाहीं. आज देशोदेशींचे प्रवासी जें सौंदर्य पाहावयास तेथें जातात, तें एका काळीं गरिबीनें जपलेलें आहे. त्या घरांतील ज्या विणकरांची मजुरी बुडाली, त्यांना या सौंदर्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

घरें जातात, धंदे जातात. पण कागदावरचे हक्क सहसा जात नाहींत. याचा विलक्षण प्रकार सफोकनें पाहिला. डनिच, ऑर्फर्ड आणि ऑल्डबरो या तिन्ही गांवांना जुन्या काळच्या महत्त्वामुळें पार्लमेंटांत प्रत्येकीं दोन सभासद पाठविण्याचा हक्क मिळाला होता. गांवें ओसरलीं तरी हक्क कायम होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या लाखांच्या घरांत पोंचणाऱ्या शहरांना एकहि सभासद नव्हता. आणि या तीन गांवांचे मिळून सहा होते. डनिचमध्यें अखेरीस अवघे ३२ मतदार होते. दोन जमीनदार घराण्यांनीं तेथील जागा आपसांत वांटून घेतल्या होत्या. समुद्रानें रस्ते नेले, बाजार नेला, चर्चें नेलीं; पण जमीनदारांच्या हातची ही मालमत्ता शाबूत राहिली. १८३२ च्या सुधारणा कायद्यानें तिन्ही गांवांचा हक्क काढून घेतला, तेव्हां कोठें राजकारणाच्या दृष्टीनेंहि डनिच बुडालें.

या कायद्यांतून बचावलेलें सफोकमधील एक गांव म्हणजे सडबरी. त्याचा हिंदुस्थानच्या, किंबहुना मराठ्यांच्या इतिहासाशीं एक दूरचा धागा जुळतो. मीरतजवळील सरधन्याची बेगम समरू ही उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणांतील प्रसिद्ध स्त्री. १८०३ च्या असईच्या लढाईंत तिच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या बाजूला होत्या. डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र याला तिनें वाढविलें आणि आपली अफाट संपत्ति दिली. १८३६ मध्यें बेगम वारल्यावर तो विलायतेस गेला, आणि १८४१ सालीं सडबरींतून पार्लमेंटचा सभासद म्हणून निवडून आला. आशियाई रक्ताचा पार्लमेंटांतील पहिला सभासद म्हणून त्याचें नांव घेतलें जातें. परंतु सडबरींत मतें विकलीं जात असत, ही गोष्ट सर्वश्रुत होती. चौकशी होऊन १८४२ मध्यें लांचलुचपतीच्या कारणावरून ती निवडणूक रद्द झाली, आणि १८४४ सालीं सडबरीचा हक्कच काढून घेण्यांत आला. सरधन्याचा पैसा सफोकच्या मतदारांच्या खिशांत जावा, आणि त्यामुळें त्या गांवानें शतकानुशतकांचा आपला हक्क गमवावा, असा हा योग होता.

एवढ्यावरून सफोकच्या सगळ्याच गांवांना ओहोटीच लागली, असा समज होऊं नये. ऑल्डबरोचें उदाहरण वेगळें आहे. सोळाव्या शतकांत तेथील नगरसभेचें लांकडी घर गांवाच्या मध्यभागीं होतें. पूर्वेकडील रस्ते समुद्रानें नेल्यामुळें तें आज थेट पुळणीवर उभें आहे. जहाजांचा धंदा गेला, मतांचा हक्क गेला. पण गांवानें दुसरे मार्ग काढले. १७५४ सालीं येथेंच जन्मलेला कवि जॉर्ज क्रॅब यानें 'द बरो' या १८१० च्या काव्यांत येथील कोळी, दरिद्री आणि पापी माणसांचें जीवन आडपडदा न ठेवतां रंगविलें. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ह्या येथें वाढल्या. १८६५ सालीं ब्रिटनमध्यें वैद्यकीचा परवाना उघडपणें मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आणि १९०८ सालीं ऑल्डबरोनें त्यांना नगराध्यक्ष निवडलें, तेव्हां इंग्लंडमधील पहिल्या स्त्री-नगराध्यक्ष होण्याचा मानहि त्यांना मिळाला. सफोकमध्येंच जन्मलेला संगीतकार बेंजामिन ब्रिटन यानें क्रॅबच्या काव्यांतील एका कोळ्याच्या कथेवर 'पीटर ग्राइम्स' हें संगीतनाटक रचलें. तें १९४५ मध्यें रंगभूमीवर आलें आणि १९४८ मध्यें त्यानें ऑल्डबरोचा संगीतोत्सव सुरू केला. पुढें जवळच्या स्नेप येथील, बार्ली भिजवून माल्ट करण्याच्या जुन्या कोठारांत १९६७ सालीं संगीतगृह उभें राहिलें. जें गांव हेरिंगवर जगत होतें तें गाण्यावर जगूं लागलें.

समुद्राचें काम मात्र चालूच होतें. डनिचचें शेवटचें जुनें चर्च 'ऑल सेंट्स' हें अठराव्या शतकांतच वापरांतून गेलें होतें. १९०४ ते १९१९ या काळांत तें तुकड्यातुकड्यांनीं दरडीवरून खालीं गेलें. आज तेथें शेंदोनशें लोकांची वस्ती आहे. २००८ पासून साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं ध्वनिलहरींच्या साहाय्यानें समुद्राचा तळ तपासला. त्या गढूळ पाण्यांत पाणबुड्याला हातभर अंतरावरचें दिसत नाहीं. परंतु ध्वनीनें बुडालेल्या चर्चांच्या दगडांचे ढीग दाखविले, आणि राल्फ ॲगास यानें १५८७ सालीं काढलेल्या नकाशाशीं ते ताडून पाहतां आले.

१९५३ सालच्या जानेवारीच्या शेवटच्या रात्रीं उत्तर समुद्राला विलक्षण उधाण आलें. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसें मेलीं. त्यांपैकीं चाळीसएक एकट्या फीलिक्स्टोमध्यें. पाणी उत्तरेकडील लिंकनशायरच्या किनाऱ्यावर संध्याकाळींच चढलें होतें. तेथून फीलिक्स्टोला पोंचावयास त्याला कांहीं तास लागले. पण एका परगण्यानें दुसऱ्याला सूचना देण्याची व्यवस्था नव्हती, आणि माणसें झोंपेंत बुडालीं. त्यानंतर उधाणाची सूचना देणारी यंत्रणा उभारली गेली. २०१३ च्या डिसेंबरांत तसेंच मोठें उधाण आलें, तेव्हां हजारों लोकांना आधींच हलवितां आलें. तेंच फीलिक्स्टो आज ब्रिटनमधील सर्वांत मोठें कंटेनर-बंदर आहे. १९६७ सालीं तेथें त्या प्रकारच्या वाहतुकीची सोय झाली आणि आशियांतून येणारीं अजस्र जहाजें तेथें लागूं लागलीं. ऑर्वेल आणि स्टूर यांच्या खोल संगमावर वसल्यानें, आणि खाडी सतत उपसण्याइतका व्यापार असल्यानें, डनिचची गति त्याला आलेली नाहीं.

आतां प्रश्न उरतो तो पुढचा. समुद्राची पातळी वाढते आहे, आणि सगळा किनारा बांधून काढणें कोणत्याहि सरकारला झेपणारें नाहीं. डनिचच्या दक्षिणेस थोड्या मैलांवर साइझवेल येथें अणुविजेचीं केंद्रें आहेत. १९६६ सालचें पहिलें २००६ मध्यें बंद झालें, दुसरें १९९५ मध्यें सुरू झालें आणि तिसऱ्यासाठीं पैसा घालण्याचा अंतिम निर्णय जुलै २०२५ मध्यें झाला. तेथें भिंती बांधल्या जातील. उलट साउथवोल्डच्या उत्तरेस कव्हहाइथ येथें दरड दरवर्षीं सरासरी चारपांच याड मागें हटते. तेथील रस्ता शेतांतून जातो आणि दरडीच्या कांठाशीं एकाएकीं तुटतो. तेथें कोणी भिंत बांधीत नाहीं. त्या गांवांत एका प्रचंड चर्चचे भग्न अवशेष आहेत. १६७२ मध्यें लोकांना त्याचा खर्च झेपेना, म्हणून त्यांनीं त्याचें छप्पर उतरविलें आणि त्या भिंतींच्या आंतच, गवतानें शाकारलेलें एक लहान चर्च बांधलें. समुद्र तेव्हां पुष्कळ दूर होता.

कोणतें गांव राखावें आणि कोणतें सोडावें, हा निर्णय पूर्वीं कोणी उघडपणें घेत नसे. बंदर बुजलें कीं तो आपोआप होई. आज तो सभांतून आणि नकाशांवरून होतो. परंतु निकष बहुतांशीं तोच आहे, जो १३२८ सालीं डनिचला लागला : गांवाजवळ स्वतःला वांचविण्याइतकी मिळकत आहे कीं नाहीं. ज्यांच्या घराशीं दरड आली आहे त्या म्हाताऱ्यांना हा निकष न्यायाचा वाटत नाहीं, आणि त्यांची तक्रार खोटी म्हणतां येत नाहीं. डनिचमधून निघालेले लोक कोठें गेले, याची नोंद कोणत्याहि बखरींत नाहीं. पुढच्या काळांत जे निघतील त्यांची तरी व्हावी.